पावसाच्या वह्या रद्दीत घालू नका : विदर्भातल्या महसूल प्रशासनाला खुलं पत्र

प्रति,
विदर्भातील अकराही जिल्ह्यांचे मा. जिल्हाधिकारी आणि सर्व तालुक्यांचे मा. तहसीलदार यांस,

सविनय नमस्कार.

तहसील कार्यालयांच्या जुन्या कौलारू इमारती जाऊन नव्या प्रशासकीय इमारती उभ्या राहत आहेत. सामान हलवताना अभिलेख कक्षाची छाननी होते, नष्टीकरणाची यादी निघते, आणि ज्या कागदाला कुणाच्या जमिनीच्या हक्काशी देणंघेणं नाही तो रद्दीच्या गठ्ठ्यात जातो. पावसाच्या नोंदवह्या याच गठ्ठ्यात जातात. त्यांच्यावर कुणाचा दावा नाही, कुणी नक्कल मागायला येत नाही, कोर्टात कुणी त्या हजर करत नाही. त्यामुळे वाळवीने खाल्ल्या काय आणि किलोने विकल्या काय, विचारणारं कुणी नसतं. आम्ही विचारतो आहोत, आणि सर्वांसमोर विचारतो आहोत, कारण ही वही गेली की ती दुसरीकडून पुरती भरून निघत नाही.

आम्ही विदर्भातल्या गावांचा, तलावांचा, पिकांचा, स्थलांतरांचा इतिहास लिहिणारी माणसं आहोत. आमच्यात शिक्षक आहेत, निवृत्त पटवारी आहेत, कास्तकार आहेत, महाविद्यालयात शिकणारी मुलं आहेत. गाव जुन्या गावठाणातून केव्हा उठलं, तलावाची पाळ कोणत्या साली फुटली, एखाद्या वर्षी अर्धी वस्ती खाणीवर नाहीतर कापसाच्या जिनात का गेली, या प्रश्नांच्या मुळाशी बहुतेक वेळा पाऊस असतो. म्हातारी माणसं सांगतात, “पोळ्यानंतर थेंब नाही पडला त्या साली.” ते खरं का, कोणत्या साली, किती दिवस, हे पडताळायला तालुक्याची रोजची नोंद लागते. महिन्याची बेरीज त्यासाठी कामाची नाही. जुलैत 200 मिलिमीटर पाऊस बारा दिवसांत विभागून पडला तर पऱ्हाटी तरारते. तोच दोन दिवसांत कोसळून पुढे वीस दिवस उघाड पडली तर दुबार पेरणी. बेरजेच्या रकान्यात दोन्ही वर्षं सारखीच दिसतात.

या वहीत नेमकं काय असतं ते आधी सांगतो, कारण नष्टीकरणाच्या यादीवर सही करणाऱ्याने बहुधा ती उघडून पाहिलेली नसते. एका महिन्याला एक पान. तारीख, चोवीस तासांचा पाऊस, महिन्याची चालू बेरीज, हंगामाची चालू बेरीज, बहुतेक ठिकाणी गेल्या वर्षीचा याच तारखेपर्यंतचा आकडा, मग शेरा, मग सही. इतिहासाच्या दृष्टीने सगळ्यात मोलाचा रकाना शेऱ्याचा. “गारा”, “नाल्यास पूर, टपाल आले नाही”, “मापक फुटले”, “नवे मापक बसविले” अशा दोन-चार शब्दांच्या नोंदी तिथे असतात. वर जो अहवाल जायचा, पूर्वी तारेने, नंतर दूरध्वनीने, आता संगणकाने, त्यात फक्त आकडा जायचा. शेरा वहीतच राहिला. वही गेली की तो पृथ्वीवरून गेला.

यावर सर्रास मिळणारं उत्तर असं, की आकडे हवामान खात्याकडे पुण्याला आहेतच, मग तालुक्यात वही कशाला सांभाळायची? उत्तर वरवर पटण्यासारखं आहे, म्हणून सविस्तर बोलणं भाग आहे.

भारतीय हवामान खातं 1875 साली स्थापन झालं. पुण्याच्या राष्ट्रीय विदा (डेटा) केंद्रात देशभरच्या नोंदी जमा आहेत, आणि त्यांच्या आधारे केलेला 1901 पासूनचा रोजच्या पावसाचा जाळीसंच, म्हणजे नकाशावर चौकटींची जाळी आखून प्रत्येक चौकटीला रोजचा एक आकडा देणारा संच, कुणालाही फुकट उतरवून घेता येतो. हे मोठं काम आहे आणि आम्ही ते वापरतो. पण त्याची एक चौकट पाव अंश अक्षांश गुणिले पाव अंश रेखांश एवढी, म्हणजे आपल्याकडे एका बाजूने सुमारे 27 किलोमीटर. सातशेहून अधिक चौरस किलोमीटरला एक आकडा. आपल्याकडचा वळवाचा पाऊस एका शिवारात वावर धुऊन नेतो आणि शेजारच्या शिवारात धूळ उडत असते, हे कास्तकाराला सांगायला नको. शिवाय त्या चौकटीतला आकडा आजूबाजूच्या मापकांवरून गणिताने काढलेला असतो, आणि कोणत्या वर्षी आजूबाजूला किती मापकं चालू होती हे दर वर्षी वेगळं. चौकटीत त्या साली एकही मापक नसलं तरी आकडा येतोच. दुष्काळाच्या प्रादेशिक चित्रासाठी तो चांगला आहे. “आमच्या गावचा तलाव अमुक रात्री का फुटला” याला तो उत्तर देऊ शकत नाही.

तो वापरायलाही सोपा नाही. वर्षाची एक फाइल, तिच्यात 135 रेखांश आणि 129 अक्षांश बिंदूंचे आकडे सलग, शीर्षक नाही, रकाने नाहीत, नोंद नसलेल्या जागी उणे 999. नेहमीच्या तक्त्याच्या प्रोग्राममध्ये ती उघडतच नाही. पायथॉन ही संगणकाची भाषा येणारं कुणी असेल तर दहा मिनिटांचं काम आहे. नसेल तर गावचा शिक्षक तिथेच अडकतो. उणे 999 हा पाऊस समजून बेरीज केली की वर्षाचा पाऊस शून्याखाली जातो. ही चूक निदान लगेच दिसते तरी.

1940 पासूनचे ताशी आकडे देणारे युरोपीय पुनर्विश्लेषण संचही (जुन्या निरीक्षणांवरून संगणकी प्रतिमानाने पुन्हा उभं केलेलं हवामान) आता सहज मिळतात. त्यांतलं तापमान आणि वारा बऱ्यापैकी उपयोगी पडतो, पण पाऊस हा प्रतिमानाने काढलेला अंदाज असतो. तो कुणी मोजलेला नाही. स्थानिक इतिहासात तो पुरावा म्हणून कुणी छापू नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

प्रत्यक्ष मापकांच्या रोजच्या नोंदी फुकट मिळण्याचं एक ठिकाण आहे, आणि ते अमेरिकेत आहे. तिथल्या हवामान संस्थेच्या जागतिक दैनंदिन संचात भारतातल्या हजारो पर्जन्यमापक केंद्रांच्या नोंदी आहेत. विदर्भातली केंद्रं त्यात शोधायची तर इंग्रजांच्या वेळची नावं घालावी लागतात: यवतमाळसाठी येवतमाळ, अचलपूरसाठी एलिचपूर, चंद्रपूरसाठी चांदा. आकडे मिलिमीटरच्या दहाव्या भागात असतात, म्हणजे 254 दिसलं तर तो 25.4 मिलिमीटर. नोंद नसेल तिथे उणे 9999. यातल्या बहुतेक भारतीय केंद्रांच्या नोंदी 1970 च्या आसपास थांबतात. आपल्याच तालुक्याचा जुना पाऊस सातासमुद्रापलीकडून उतरवून घ्यायचा आणि तहसिलीत विचारलं तर “माहिती उपलब्ध नाही” असं लेखी उत्तर घ्यायचं, याचं वाईट वाटतं.

आता विदर्भाची खास अडचण. इथल्या कागदांइतकी फिरती महाराष्ट्रात फार थोड्या कागदांच्या वाट्याला आली असेल. वऱ्हाड 1853 मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आलं, नागपूरचं भोसल्यांचं राज्य 1854 मध्ये खालसा झालं, मध्यप्रांत 1861 मध्ये झाला, वऱ्हाड 1903 मध्ये त्याला जोडलं गेलं. स्वातंत्र्यानंतर नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी, 1956 मध्ये द्विभाषिक मुंबई राज्य, 1960 मध्ये महाराष्ट्र. प्रत्येक वळणावर कागद वाटले गेले. एकाच तालुक्याच्या शंभर वर्षांच्या पावसाचा माग काढायचा तर हैदराबाद, नागपूर, भोपाळ, मुंबई आणि पुणे, या पाचांपैकी कुठे जावं लागेल हे साल पाहून ठरवावं लागतं. या सगळ्या फिरतीत जागचं हललं नाही ते एक तालुक्याचं ठाणं. म्हणून तालुक्याची वही वाचवा म्हणतो.

जिल्ह्यांच्या हद्दी बदलल्या तो घोळ वेगळाच. 1905 मध्ये वाशीम आणि एलिचपूर हे जिल्हे मोडून मुख्यतः अकोला आणि अमरावतीत घातले गेले, आणि वणीच्या नावाने ओळखला जाणारा जिल्हा यवतमाळ झाला. 1982 मध्ये चंद्रपुरातून गडचिरोली, 1998 मध्ये अकोल्यातून वाशीम, 1999 मध्ये भंडाऱ्यातून गोंदिया. “अकोला जिल्ह्याचा सरासरी पाऊस” 1900 चा, 1950 चा आणि 2000 चा, हे तीन वेगवेगळ्या भूभागांचे आकडे आहेत. एकाखाली एक मांडून “पाऊस कमी झाला” असे निष्कर्ष छापलेले आम्ही वाचतो. तालुक्याची मालिका हाती असेल तर हा गोंधळ होत नाही.

उदाहरण म्हणून मोवाड घ्या. 30 जुलै 1991 रोजी वर्धा नदीच्या पुराने नरखेड तालुक्यातलं हे गाव उद्ध्वस्त केलं, दोनशेहून अधिक माणसं गेली. त्या पावसाचा इतिहास नीट लिहायचा तर किमान तीन ठिकाणच्या रोजच्या नोंदी लागतात. नदीच्या या काठावरचं नरखेड नागपूर विभागात, पलीकडच्या काठावरचं वरूड अमरावती विभागात, आणि नदीचा उगम मुलताईजवळ, मध्य प्रदेशातल्या बैतुल जिल्ह्यात. तीन कार्यालयं, दोन राज्यं, आणि पावसाची वही कोणत्या शाखेत मागायची हे कुठेही लिहिलेलं नाही. तारखेचाही सापळा आहे. मापक सकाळी साडेआठला मोजतात आणि मागच्या चोवीस तासांचा पाऊस त्या सकाळच्या तारखेला लिहितात. म्हणजे 30 जुलैच्या ओळीत 29 तारखेच्या सकाळपासूनचा पाऊस आहे, आणि 30 तारखेला साडेआठनंतर जे पडलं ते 31 च्या ओळीत. हे ठाऊक नसलेला अभ्यासक पुराच्या दिवसाचा पाऊस म्हणून चुकीची ओळ उचलतो. पूर 30 चा आणि 31 ला मोठा आकडा दिसला की मग “पूर आधी, पाऊस नंतर” अशी विपरीत संगती लागते.

वही जपा म्हणताना ती वाचायला लागणारी माहितीही जपा, असं आमचं म्हणणं आहे. नुसता आकडा फसवतो, तो कुठे आणि कसा, ते पाहा.

1950 च्या दशकाच्या अखेरीपर्यंत पाऊस इंच आणि सेंटमध्ये लिहिला जायचा. शंभर सेंटचा एक इंच, एक इंच म्हणजे 25.4 मिलिमीटर. 4 इंच 37 सेंट म्हणजे 111 मिलिमीटर. पण कारकुनाने टिंब न देता 437 लिहिलं असेल आणि आजच्या माणसाने ते मिलिमीटर समजून संगणकात घातलं, तर एका दिवसात तालुका बुडतो. त्याहून चोरटी चूक सेंटच्या शून्याची. “1-5” असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ 1 इंच 5 सेंट, म्हणजे 26.7 मिलिमीटर. ते दीड इंच धरलं की 38.1 होतात. एवढा फरक कुणाच्या डोळ्यावर येत नाही. बदलाच्या वर्षांत एकाच वहीत जूनपर्यंत इंच आणि पुढे मिलिमीटर असंही होऊ शकतं, म्हणून प्रत्येक पानाच्या माथ्यावरचं एकक वाचावं लागतं.

दुसरं मापकाचं. जुनं सायमनचं धातूचं मापक, तोंडाचा व्यास 5 इंच. नंतरची फायबरची मापकं 100 किंवा 200 चौरस सेंटिमीटर तोंडाची. प्रत्येकाचं काचेचं मोजपात्र वेगळं. मोजपात्र फुटलं आणि दुसऱ्या मापकाचं वापरलं, तर 100 आणि 200 च्या घोळात पाऊस थेट दुप्पट किंवा निम्मा लिहिला जातो, आणि नवं मोजपात्र येईपर्यंत तसाच लिहिला जातो. आतल्या बाटलीलाही मर्यादा असते. 200 चौरस सेंटिमीटरच्या मापकात एक लिटर पाणी म्हणजे 50 मिलिमीटर. दोन लिटरची बाटली 100 मिलिमीटरला भरते. त्यानंतर बाहेर सांडलेलं पाणी बाहेरच्या डब्यातून काढून मोजायचं असतं. रात्रीच्या मुसळधारेनंतर ते मोजलं नाही तर अतिवृष्टीचा आकडा नेमका शंभरावर अडकतो. एखाद्या केंद्राच्या मोठ्या पावसाच्या नोंदी पुन्हा पुन्हा एकाच गोल आकड्याशी थांबलेल्या दिसल्या तर बाटलीचा संशय घ्यावा.

तिसरं रविवारचं. सुटीच्या दिवशी मापक मोजलं नाही तर सोमवारी दोन दिवसांचं पाणी एकत्र लिहिलं जातं. हे ओळखायची सोपी युक्ती आहे. दहा वर्षांचा पाऊस वारांप्रमाणे वेगळा करा. पावसाला वार कळत नाही, तेव्हा प्रत्येक वाराच्या वाट्याला साधारण सातवा हिस्सा, म्हणजे 14 टक्के यायला हवा. रविवारी 6 आणि सोमवारी 22 टक्के निघाले तर त्या केंद्राचे एका दिवसाच्या महापावसाचे आकडे विश्वासाचे नाहीत. महिन्याच्या बेरजा मात्र चालतील. तसंच कोऱ्या जागेचं. “निरंक” लिहिलं असेल तर पाऊस नाही. जागा कोरी असेल तर मोजलं नाही. संगणकावर घेताना दोन्हीकडे शून्य ठोकलं जातं आणि नसलेला दुष्काळ उभा राहतो. मूळ पानाचं चित्र हाती असेल तरच हे कळतं.

चौथी गोष्ट जागेची, आणि ती थेट तुमच्या नव्या इमारतींशी जोडलेली आहे. मापकाचं तोंड जमिनीपासून 30 सेंटिमीटरवर असावं. जवळच्या भिंतीपासून किंवा झाडापासून अंतर त्याच्या उंचीच्या चौपट असावं, निदान दुपटीपेक्षा कमी नसावं. दहा मीटर उंचीची इमारत बांधली तर मापक वीस मीटरच्या आत नको. प्रत्यक्षात नवी इमारत होते, वाहनतळ होतो, मापक भिंतीलगत सरकतं, आणि त्या दिवसापासून वाऱ्याच्या आडोशाला पाऊस कमी मोजला जातो. सरकवल्याची तारीख कुठे लिहिलेली नसते. तीस वर्षांनी कुणी तरी म्हणेल, या गावचा पाऊस अमुक सालापासून घटला. हे पकडायला दुहेरी संचयी आलेख काढतात: आपल्या केंद्राच्या वार्षिक पावसाची वाढती बेरीज एका अक्षावर, शेजारच्या चार-पाच केंद्रांच्या सरासरीची वाढती बेरीज दुसऱ्यावर. बिंदू सरळ रेषेत गेले तर ठीक. एखाद्या सालापासून रेषेला कोन आला तर पाऊस नव्हे, मापक बदललं. पण कोन दिसला तरी कारण सिद्ध करायला वहीतला शेरा किंवा हलवल्याचा आदेशच लागतो.

आता महसूल मंडळांत महावेध या राज्याच्या हवामान प्रकल्पाची स्वयंचलित केंद्रं आली आहेत. 24 तासांत 65 मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरून पंचनामे होतात, म्हणून त्या आकड्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं. ते चांगलंच आहे. पण जुनं हाताने मोजायचं मापक आणि नवं यंत्र काही वर्षं शेजारी शेजारी चालवल्याशिवाय जुनी मालिका नव्याला जोडता येत नाही. जुनं मापक “आता गरज नाही” म्हणून काढलं की शंभर वर्षांच्या मालिकेची गाठ तिथेच सुटते.

पावसाची वही एकटी पुरेशी नसते, हे आम्हाला मान्य आहे. तिच्या जोडीला आणखी कागद लागतात आणि तेही तुमच्याच ताब्यात आहेत. पूर्व विदर्भात मालगुजारी तलावांचे निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज. कोणत्या तलावाचं पाणी कुणाला, पाळ कुणी बांधायची, हे त्यात असतं. आणेवारीचे, नंतरच्या पैसेवारीचे, म्हणजे पीक रुपयात किती आणे किंवा पैसे आलं या अंदाजाचे गावनिहाय तक्ते. पन्नास पैशांच्या आतबाहेरचं गाव कोणतं हे पावसाच्या आकड्याशी ताडून पाहिलं की दोन्हींची परीक्षा होते. गारपिटीचे पंचनामे, विशेषतः 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीचे; गारा मापकात नीट येत नाहीत, त्यांचा पुरावा पंचनामाच. आसोलामेंढा, घोडाझरी, नळेश्वर अशा इंग्रजी अमदानीतल्या तलावांच्या पातळीच्या नोंदी पाटबंधारे खात्याकडे, जंगलातल्या डेपोंच्या नोंदी वनखात्याकडे, प्रक्षेत्रांच्या नोंदी अकोल्याच्या कृषी विद्यापीठाकडे आणि नागपूरच्या कृषी महाविद्यालयाकडे शोधाव्या लागतात. जुन्या तापमानाच्या नोंदी मोजक्या शहरी वेधशाळांपुरत्याच आहेत. खेड्यापाड्याला तो आधार नाही, म्हणून पावसाचं मोल आणखी वाढतं.

तोंडी आठवणींचाही मेळ घालता येतो, साल आणि दिवस नीट बदलले तर. छपन्नचा दुष्काळ हा संवत 1956 चा, म्हणजे इसवी 1899-1900. शके असेल तर 78 मिळवायचे. जुन्या महसुली कागदावर फसली साल (पिकाच्या हंगामावर बेतलेलं महसुली वर्ष) असेल तर दख्खनी फसलीत 590 मिळवायचे, पण एखाद्या ठाऊक घटनेशी ताडून पाहिल्याशिवाय पुढे जायचं नाही, कारण फसलीचे प्रकार एकाहून जास्त आहेत. नक्षत्रांचंही तसंच. मृग आज 7-8 जूनला लागतो. दीडशे वर्षांपूर्वी तो सुमारे दोन दिवस आधी लागायचा. “मृगाच्या पहिल्या दिवशी पेरलं” हे 1870 च्या आसपासच्या कागदात आलं तर तारीख त्या वर्षीच्या पंचांगावरून घ्यावी.

आमच्या तक्रारी आता थेट मांडतो.

माहितीचा अधिकार अधिनियम 2005 च्या कलम 4 नुसार प्रत्येक कार्यालयाने आपल्या अभिलेखांची सूची करून ठेवायची आहे. पावसाच्या वह्यांची सूची आम्हाला कुठल्याही तहसिलीत पाहायला मिळालेली नाही. सूची नाही म्हणून “उपलब्ध नाही” असं उत्तर येतं; वही त्याच इमारतीत माळ्यावर असू शकते. म्हणून आमच्यातले जाणकार नव्यांना सांगतात, “माहिती द्या” असं मागू नका, अभिलेखाचं अवलोकन मागा. पहिल्या तासाला शुल्क नाही, आणि स्वतःच्या डोळ्यांनी कपाट पाहता येतं. एका साध्या नोंदवहीसाठी नागरिकाला एवढी वाट शोधावी लागू नये.

अभिलेखांच्या स्कॅनिंगवर मोठा खर्च झाला. सातबारे, फेरफार, जमिनीच्या हक्काचे कोट्यवधी कागद संगणकावर आले, आणि ते व्हायलाच हवं होतं. पावसाची वही त्याच कपाटात असताना तिला वगळलं गेलं. हिशेब करून पाहा: महिन्याला एक पान, वर्षाला बारा, शंभर वर्षांची 1,200. विदर्भात सुमारे 120 तालुके. प्रत्येक तालुक्याची पूर्ण शंभर वर्षं सापडली असं धरलं, जे होणार नाही, तरी 1,44,000 पानं. कोट्यवधी पानांच्या कामात हे काहीच नव्हतं.

नष्टीकरण करताना इतिहासाच्या किंवा हवामानाच्या जाणकाराचं मत घेतलं जात नाही. कोणता कागद किती काळ ठेवायचा याची अ, ब, क, ड वर्गवारी कार्यालयाच्या गरजेवर ठरते. वीस वर्षांनी कार्यालयाला त्या वहीची गरज नसते हे खरं. गरज समाजाला असते, आणि ती तेव्हाच सुरू होते.

मागण्या अशा:

1. पावसाच्या नोंदवह्या, पैसेवारीचे तक्ते आणि नैसर्गिक आपत्तीचे पंचनामे यांचं नष्टीकरण तात्काळ थांबवण्याचा लेखी आदेश प्रत्येक जिल्ह्यात निघावा. बाकी सगळं सावकाश झालं तरी चालेल, हे नाही.

2. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम 2005 च्या चौकटीत पावसाच्या वह्या कायमस्वरूपी जतनाच्या ‘अ’ वर्गात घ्याव्यात, आणि जिथे त्या नीट ठेवायला जागा नाही तिथून पुराभिलेखागाराकडे द्याव्यात.

3. प्रत्येक तालुक्याची एक पानी यादी जाहीर व्हावी: कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंतच्या वह्या आहेत, मधली कोणती नाहीत, मापक कुठे होतं, केव्हा हललं, कोणत्या प्रकारचं होतं. ही यादी करायला एका कारकुनाला दोन दिवस पुरतात.

4. वह्यांचं रंगीत स्कॅनिंग 300 डीपीआयला व्हावं. मुखपृष्ठ, कोरी पानं, शेरे, मधे चिकटवलेल्या चिठ्ठ्या, सगळ्यांसह. शिवण उसवून पानं सुटी करू नयेत. वरून कॅमेऱ्याने घेतलं तरी चालतं. “फक्त आकड्यांचा भाग” कापून घेऊ नये.

5. आकडे संगणकावर घेताना मूळ आकडा मूळ एककात एका रकान्यात आणि मिलिमीटरमधला दुसऱ्यात असावा. मोजलं नाही तिथे रकाना रिकामा. शून्य फक्त “निरंक”साठी.

6. तीस वर्षांहून जुन्या पावसाच्या नोंदी स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांना विनाशुल्क आणि संस्थेच्या शिफारसपत्राशिवाय मिळाव्यात. गावाचा इतिहास लिहिणाऱ्या कास्तकाराला मार्गदर्शक प्राध्यापकाची सही कुठून मिळणार?

7. जिथे वही आधीच गेली आहे तिथे, त्या तहसिलीने वेळोवेळी हवामान खात्याला पाठवलेल्या मासिक तक्त्यांच्या प्रती जिल्हाधिकाऱ्यांनी पुण्याहून मागवून तालुक्यात ठेवाव्यात. नागरिकाने एकेक पत्र लिहिण्यापेक्षा जिल्ह्याने एकदा लिहिलेलं बरं.

8. नव्या इमारतीच्या आराखड्यात मापकाची जागा आधी ठरवावी, आणि जुनं मापक हलवण्यापूर्वी किमान दोन पावसाळे दोन्ही जागी मोजणी चालू ठेवावी.

टंकलेखनाचं आणि पडताळणीचं काम आम्ही अंगावर घ्यायला तयार आहोत, मोबदल्याशिवाय. एका पानाचे आकडे दोघांनी वेगवेगळे भरायचे, मग ताडून पाहायचे, फरक पडेल तिथे मूळ चित्र तिसऱ्याने पाहायचं, आणि शेवटी प्रत्येक महिन्याची बेरीज वहीतल्या बेरजेशी जुळवायची. ही पद्धत आमच्यातल्यांच्या हातची आहे. वह्या कार्यालयाबाहेर नेण्याची परवानगी आम्ही मागत नाही. तुमच्याच खोलीत, तुमच्याच कर्मचाऱ्यासमोर, एक टेबल आणि खिडकीचा उजेड मिळाला तरी पुरे.

पहिल्या मागणीचा आदेश येत्या 1 जूनपूर्वी निघावा, कारण पावसाळ्याआधीच्या साफसफाईत माळे रिकामे होतात. बाकीच्या मागण्यांवर प्रत्येक जिल्ह्याने काय ठरवलं, कोणती मान्य आणि कोणती नाही व का नाही, हे लेखी आणि जाहीर कळवावं.

आपले,
विदर्भातील स्थानिक इतिहासाचे अभ्यासक